मार्चचा निळा खडा: ॲक्वामरीन म्हणजे काय, आणि घेताना काय बघायचं

मार्च महिना लागला की फोनवर फिक्या निळ्या खड्याच्या अंगठ्या दिसू लागतात. ‘मार्चमध्ये जन्मलात? मग तुमचा बर्थस्टोन ॲक्वामरीन.’ आणि बेळगावात, निपाणीत, खानापुरात सराफाच्या गादीपुढे घरातल्या घरातच वाद सुरू होतो. मुलीची रास कन्या, म्हणून ज्योतिषीबुवांनी पाचू सांगितलेला. मुलगी म्हणते, माझा जन्म मार्चचा, मला निळा खडा हवा. आईला कळत नाही की यातलं खरं कुठलं धरायचं.

ही दोन्ही नावं दोन वेगळ्या हिशेबांतून आली आहेत, त्यामुळे ती एकमेकांना खोटं पाडत नाहीत. शिवाय पाचू आणि ॲक्वामरीन हे मुळात एकाच खनिजाचे दोन रंग आहेत. ते कसं, ते पुढे येईलच. आधी हिशेब बघू.

रास एकीकडे, महिना दुसरीकडे

आपल्याकडे रास धरतात ती जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, म्हणजे साधारण २७ दिवसांत तो बाराही राशी फिरतो. मार्चच्या ३१ दिवसांत जन्मलेल्या बाळांमध्ये मेषेपासून मीनेपर्यंत सगळ्या राशींची बाळं असणारच. राशीचा खडा त्या राशीच्या ग्रहावरून ठरतो: रवीचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. या नवरत्नांत ॲक्वामरीन नाही. काही ज्योतिषी तो उपरत्न म्हणून सुचवतात, पण त्याचा संबंध जन्ममहिन्याशी नसतो.

बर्थस्टोनला चंद्र लागत नाही, पत्रिका लागत नाही. इंग्रजी महिना तेवढा लागतो. १ मार्च ते ३१ मार्च यांपैकी कुठल्याही तारखेला, कुठल्याही वेळेला जन्म झाला असला तरी खडा तोच.

मग ज्यांची तारीखच नक्की नाही त्यांचं काय? आपल्याकडे जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून लावलेली माणसं घरोघरी आहेत. कागद धरला तर त्या सगळ्यांचा खडा मोती ठरेल. आजीला अंगठी करायची असेल तर दाखला बघू नका. होळीच्या सुमारास जन्मले असं ती सांगत असेल तर मार्च धरायला काहीच हरकत नाही.

ही यादी जवाहिऱ्यांनी केली

बारा महिन्यांना बारा रत्नं ही कल्पना जुनी आहे. बायबलमध्ये धर्मगुरूच्या छातीवरच्या पट्ट्यात बारा रत्नं जडवल्याचं वर्णन आहे, आणि युरोपात त्यावरून वेगवेगळ्या याद्या चालत होत्या. आज सगळीकडे दिसते ती ठरावीक यादी मात्र १९१२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने पक्की केली. दुकानागणिक वेगळी यादी असली की गिऱ्हाईक गोंधळतं, हे त्यामागचं साधं कारण. मार्चसाठी त्यात दोन खडे होते, ब्लडस्टोन आणि ॲक्वामरीन. १९५२ साली यादी सुधारली तेव्हा ॲक्वामरीन पुढे आला आणि ब्लडस्टोन पर्याय म्हणून मागे राहिला.

२००२ साली डिसेंबरच्या रत्नांत टांझानाइट घातलं गेलं. हा खडा टांझानियात सापडला तोच मुळी १९६७ साली. तेव्हा ‘हजारो वर्षांची बर्थस्टोन परंपरा’ असं कुणी सांगितलं तर ही तारीख लक्षात ठेवावी. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाला चांदी म्हणतात, तसाच हा एक रिवाज आहे. त्यात फसवणूक नाही, आणि शास्त्रही नाही.

ब्लडस्टोन म्हणजे लाल ठिपक्यांचा गर्द हिरवा, अपारदर्शक खडा, अकीकाच्या कुळातला. तो भारतातही मिळतो आणि ॲक्वामरीनच्या मानाने खूपच स्वस्त पडतो. मार्चमध्ये जन्मलेल्या मुलाला अंगठी करायची असेल आणि फिका निळा आवडत नसेल, तर हा विसरलेला पर्याय जरूर बघावा.

पाचूचा सख्खा भाऊ

कुंदा, पेढा, बासुंदी या तिन्हींचं मूळ दूध. ते किती आटवलं आणि त्यात काय पडलं, यावर पुढचं सगळं ठरतं. रत्नांच्या जगात ‘बेरील’ हे खनिज असंच आहे. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून ते बनतं. अगदी शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश आला की गर्द हिरवा पाचू होतो. मँगनीज आलं की गुलाबी मॉर्गनाइट. लोखंड आलं की निळा ॲक्वामरीन, आणि तेच लोखंड दुसऱ्या अवस्थेत असेल तर पिवळा हेलिओडोर.

कूळ एक असलं तरी स्वभाव वेगळे. पाचूत बहुधा आत चिरा आणि जाळी असते, ती लपवण्यासाठी त्याला तेल पाजतात. ॲक्वामरीन सहसा आतून स्वच्छ निघतो. म्हणून पाचूत जे चालवून घेतो ते इथे चालवू नये. ॲक्वामरीनमध्ये नुसत्या डोळ्यांना चीर किंवा डाग दिसत असेल तर भाव उतरलाच पाहिजे.

हा खडा तयार होतो तो ग्रॅनाइटच्या रसाचा शेवटचा भाग सावकाश थिजताना. त्या वेळी जागा आणि वेळ दोन्ही मिळत असल्यामुळे स्फटिक अवाढव्य वाढू शकतात. ब्राझीलमध्ये १९१० साली ११० किलोचा एक स्फटिक निघाला होता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘डोम पेद्रो’ नावाचा घडवलेला ॲक्वामरीन आहे, त्याचं वजन १०,३६३ कॅरेट, म्हणजे दोन किलोंहून थोडं जास्त. पाचूच्या बाबतीत इतका मोठा स्वच्छ खडा ऐकायलाही मिळत नाही.

बेळगावच्या आसपास विहीर किंवा पाया खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत चकचकीत खडे सापडतात आणि लोक ते सराफाकडे घेऊन जातात. आपला काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. त्यात स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ मिळतं, कधी जांभळट रंगाचंही मिळतं. बेरील त्यात मिळत नाही, कारण तो ग्रॅनाइटच्या घरचा.

निळा रंग येतो कुठून, आणि लहान खडा फिका का असतो

बेरीलची आतली रचना अशी आहे की जणू बांगड्यांच्या चळती एकीला एक लागून उभ्या केल्या आहेत. या घट्ट रचनेत लोखंडाचे थोडे अणू शिरून बसतात. लोखंडाच्या एका अवस्थेत प्रकाशातला लाल भाग शोषला जातो आणि उरलेला निळसर भाग आपल्याला दिसतो. दुसऱ्या अवस्थेत पिवळी झाक येते. दोन्ही एकत्र असले की निळ्यात पिवळं मिसळून खडा हिरवट दिसतो. खाणीतून निघणारे बरेचसे ॲक्वामरीन असे हिरवटच असतात.

लोखंडाचा अंश थोडाच असल्यामुळे रंग पातळ असतो. राकसकोप जलाशयाचं पाणी तांब्यात घेतलं तर रंगहीन दिसतं, पण तेच जलाशयात खोलवर निळं-हिरवं दिसतं. खड्याचंही तसंच आहे. प्रकाशाला आतून जितकी लांब वाट, तितका रंग गडद. म्हणून एक कॅरेटचा खडा फिका असणं हे खोटेपणाचं लक्षण नाही. उलट अर्ध्या कॅरेटचा खडा गर्द निळा आणि वर स्वस्त असेल, तर आधी शंका घ्यावी. लहान आकारातही गडद असणारे अस्सल खडे आहेत. ब्राझीलमधल्या सांता मारिया दे इताबिरा या गावावरून अशा रंगाला ‘सांता मारिया’ म्हणतात, पण ते महाग असतात आणि क्वचित मिळतात.

यातूनच पैलूंची एक सोपी परीक्षा निघते. खडा पालथा न करता छापील कागदावर ठेवा आणि वरून सरळ बघा. मधोमध अक्षरं वाचता आली तर खडा उथळ कापलेला आहे. प्रकाश आत फिरून परत येण्याऐवजी खालून निघून जातो, आणि रंग फक्त कडेला उरतो. जवाहिरे याला ‘विंडो’ म्हणतात. वजन वाचवण्यासाठी असं कापतात. फिक्या खड्यात हा दोष फार बोचतो, कारण आधीच थोडा असलेला रंग त्यात निम्म्यावर येतो. आपल्या भाषेत रत्नाच्या तेजाला ‘पाणी’ म्हणतात. ॲक्वामरीनमध्ये हे पाणी कापणाऱ्याच्या हातात असतं. माझं मत असं की मोठ्या पण उथळ खड्यापेक्षा लहान पण नीट पैलू पाडलेला खडा केव्हाही घ्यावा.

तापवलेला खडा म्हणजे खोटा का?

नाही. बाजारातला बहुतेक निळा ॲक्वामरीन ४०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला असतो. या उष्णतेने पिवळी झाक देणारं लोखंड निळ्याच्या अवस्थेत जातं, हिरवटपणा निघून जातो आणि स्वच्छ निळा उरतो. दूध आटताना कुंद्याला रंग चढतो तो वरून ओतलेला नसतो, दुधातलाच असतो. इथेही बाहेरून काही घातलेलं नसतं. हा रंग कायमचा असतो, उन्हाने किंवा धुण्याने जात नाही.

इतक्या कमी उष्णतेच्या खुणा बहुधा आत राहत नाहीत, त्यामुळे खडा तापवला की नाही हे प्रयोगशाळेलाही अनेकदा ठरवता येत नाही. म्हणूनच ‘हा न तापवलेला आहे, म्हणून दुप्पट भाव’ असं कुणी तोंडी सांगत असेल तर जादा पैसे देऊ नयेत. हिरवट छटा तुम्हाला मनापासून आवडत असेल तर तशीच घ्या. समुद्राच्या खऱ्या रंगाच्या ती जास्त जवळ आहे.

एका प्रकारापासून मात्र सावध राहावं. ‘माशीशे’ (Maxixe) नावाचं गडद निळं बेरील असतं. त्याचा रंग किरणोत्साराने आलेला असतो आणि उजेडात हळूहळू उडून जातो. काही महिने वापरून खडा पांढरट किंवा पिवळट पडला तर बहुधा हे कारण असतं.

नाव समुद्राचं, मूळ दक्षिणेतलं

लॅटिनमध्ये ‘आक्वा मरीना’ म्हणजे समुद्राचं पाणी. जुन्या काळी खलाशी वादळातून सुखरूप परतण्यासाठी हा खडा जवळ बाळगत असं मानलं जातं. त्यावरून धैर्य, शांत मन, सुखाचा प्रवास असे अर्थ त्याला चिकटले. पुढे लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षाची भेट म्हणूनही तो ठरला. दर्यावर पोट असणाऱ्यांनी असा खडा उराशी धरावा, हे चोर्ला घाट उतरून गोव्याचा किंवा कारवारचा किनारा पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पण ‘बेरील’ या शब्दाचा माग काढला तर तो ग्रीक-लॅटिनमधून मागे प्राकृतातल्या ‘वेरुलिय’ शब्दाशी, म्हणजे आपल्या ‘वैडूर्या’शी येऊन थांबतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की बेरील भारतातूनच येतं, इतरत्र ते क्वचित सापडतं. तमिळनाडूत नोय्यल नदीकाठी कोडुमणल इथे उत्खननात मणी घडवण्याच्या कामाचे अवशेष मिळाले, त्यात बेरीलही आहे. जवळच्या पडियूरला बेरीलची जुनी खाण होती. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बायका जे निळे-हिरवे मणी घालत होत्या, त्यांतले कितीतरी आपल्या दक्षिणेतूनच गेलेले. जर्मन भाषेत चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात तो शब्दही बेरीलवरूनच आला.

आज आपण वैडूर्य म्हणजे लसण्या समजतो. तेव्हा जुन्या पोथीत वैडूर्य वाचलं म्हणून दुकानात लसण्या घ्यायचा की बेरील, हा प्रश्न त्या त्या ग्रंथातलं वर्णन बघूनच सोडवावा लागतो. आजचा बाजारातला माल प्रामुख्याने ब्राझील, पाकिस्तान, मादागास्कर, नायजेरिया, मोझांबिक इथून येतो. तमिळनाडू आणि ओडिशातही तो मिळतो, आणि पैलू पाडण्याचं मोठं काम जयपुरात चालतं.

ॲक्वामरीन म्हणून काय काय गळ्यात मारतात

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान होतं ते इथेच. दुकानाच्या पाटीवर ‘खडे’ असो की कन्नडात ‘हरळु’, सुट्या निळ्या खड्याला नुसत्या नजरेने ओळखणं अनुभवी सराफालाही जमेलच असं नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो निळ्या टोपाझशी. टोपाझ हे वेगळंच खनिज. रंगहीन टोपाझवर किरणोत्सार करून आणि मग तापवून त्याला निळा करतात. तो खडा वाईट नाही, रंगही पक्का असतो, पण तो भरपूर मिळतो आणि ॲक्वामरीनपेक्षा खूप स्वस्त असतो. टोपाझ म्हणून टोपाझच्या भावाने घेतला तर काहीच तक्रार नाही. दुसरा येतो कृत्रिम स्पिनेल. कारखान्यात बनवलेला हा खडा स्वस्त बर्थस्टोन अंगठ्यांत सर्रास वापरतात. तिसरी काच. ‘हायड्रो’ या नावाने येणारा निळा माल बहुधा काचच असतो.

भिंगातून दहापट मोठं करून बघा. काचेत गोल बुडबुडे किंवा सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा लहरी दिसतात. अस्सल ॲक्वामरीनमध्ये काही असलंच तर एका दिशेने पडणाऱ्या पावसासारख्या बारीक समांतर नळ्या दिसतात. पूर्ण स्वच्छ खडा असेल तर मात्र भिंग काहीच सांगत नाही. सराफाकडे चेल्सी फिल्टर नावाची हिरवट काच असेल तर त्यातून बघा. ॲक्वामरीन निळसर-हिरवाच राहतो. कोबाल्टने रंगवलेला कृत्रिम स्पिनेल लालसर दिसू लागतो.

टोपाझ वेगळा काढायला सगळ्यांत भरवशाची घरगुती परीक्षा पाण्याची आहे. त्यासाठी सुटा खडा आणि नाजूक काटा लागतो. आधी कोरडा खडा तोला. समजा १.०० ग्रॅम भरला, म्हणजे ५ कॅरेट. आता काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक नायलॉन धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की घनता मिळते. ॲक्वामरीनची घनता साधारण २.७२ असते, म्हणून काटा ०.३७ च्या आसपास दाखवेल. टोपाझची ३.५ च्या वर, त्यामुळे तो ०.२८ दाखवेल. कृत्रिम स्पिनेल ०.२७ ते ०.२८. काचेचं काही सांगता येत नाही, तिची घनता बनावटीप्रमाणे बदलते.

चुका होतात त्या अशा. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि घनता कमी भासते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. जाड दोरा घेतला तरी आकडा असाच वाढतो. खडा तळाला टेकला तर काटा सगळं वजन दाखवतो आणि परीक्षा फुकट जाते. एक-दोन कॅरेटच्या खड्याला ०.०१ ग्रॅमचा काटा पुरत नाही, तिथे ०.००१ ग्रॅमचा काटा हवा.

महाग खडा असेल तर प्रयोगशाळेचा अहवालच घ्या. मुंबई, जयपूरला अशा नामांकित प्रयोगशाळा आहेत. अहवालात खनिज ‘बेरील’, प्रकार ‘ॲक्वामरीन’, ‘नॅचरल’ हा शब्द, वजन आणि मापं मिलिमीटरमध्ये असली पाहिजेत. मापं तुमच्या खड्याशी जुळवून बघा आणि अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. दुकानाने स्वतःच छापलेलं चकचकीत कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. ‘सिम्युलेटेड’ म्हणजे नक्कल, ‘लॅब क्रिएटेड’ म्हणजे कारखान्यातला.

कॅरेट दोन, रत्त्याही दोन

सोन्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे शुद्धता: २४ पैकी किती भाग सोनं. खड्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट बरोबर ०.२ ग्रॅम. शब्द एकच, अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही.

रत्तीचं दुखणं मोठं आहे. जुन्या सोनारी मापात १ तोळा म्हणजे १२ मासे, ९६ गुंजा. त्या गुंजेचं, म्हणजे रत्तीचं वजन ०.१२१५ ग्रॅम. खड्यांच्या बाजारात मात्र रत्ती ०.१८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.९१ कॅरेट धरतात. ‘५ रत्तीचा खडा’ एका हिशेबाने जेमतेम तीन कॅरेट भरतो, दुसऱ्या हिशेबाने साडेचार भरतो. भाव कुठल्याही मापात ठरवा, पावतीवर कॅरेट आणि ग्रॅम लिहून घ्या.

ॲक्वामरीन हलका आहे, याचा फायदा घेता येतो. ८ × ६ मिलिमीटरचा अंडाकृती खडा साधारण १.१ ते १.३ कॅरेट भरतो. त्याच मापाचा टोपाझ जवळपास तीस टक्के जड निघेल.

अंगठी घडवताना

सोन्याच्या दागिन्यात खड्याचं वजन वेगळं काढलं की नाही, हे सगळ्यांत आधी बघा. अंगठी एकूण ४.२० ग्रॅम आणि खडा ५ कॅरेट असेल तर सोनं ३.२० ग्रॅम. एकूण वजनावर सोन्याचा भाव आणि घडणावळ लावली तर एक ग्रॅम खड्याचे पैसे तुम्ही सोन्याच्या दराने देता, आणि वर खड्याचेही वेगळे देता. हॉलमार्क आणि त्याबरोबरचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी धातूची शुद्धता सांगतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. खडा खरा आहे याची हमी त्यात नसते. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

खड्याच्या अंगठीला २२ कॅरेटपेक्षा १८ कॅरेटचं सोनं बरं. त्यात ७५ टक्के सोनं असतं, मिश्रण जास्त असल्यामुळे ते कडक असतं आणि खडा धरणारे पंजे वाकत नाहीत. पांढऱ्या धातूत निळा रंग उठून दिसतो. पिवळ्या सोन्याचा पिवळेपणा आतून परावर्तित होऊन फिका खडा किंचित हिरवट भासतो. बजेट कमी असेल तर चांदी उत्तम. निपाणीच्या पलीकडे हुपरीला चांदीचे कसबी कारागीर आहेत.

कोंदण खालून बंद असेल तर सावध व्हा. बंद कोंदणात खड्यामागे निळा वर्ख किंवा रंग लावून फिका खडा गडद दाखवता येतो. खालून उघडं ठेवलेलं कोंदण मागा, म्हणजे मागून बघता येतं आणि स्वच्छही करता येतं. रोज कामाच्या हातात घालायचं असेल तर कडेने पूर्ण पट्टी असलेलं कोंदण पंजांपेक्षा टिकाऊ. कानातल्यात किंवा पदकात पंजे चालतात. अंगठी मोठी-लहान करताना सोनाराला खडा आधी काढायला सांगा. थेट ज्योत लागली तर आत अडकलेल्या द्रवाचे बारीक कण फुगून खडा तडकू शकतो.

रंग निवडताना दुकानातल्या दिव्यांखाली निर्णय घेऊ नका. पिवळ्या दिव्यात निळा मरतो, निळसर पांढऱ्या दिव्यात फुलतो. खडा घेऊन दारापाशी या आणि सावलीतल्या उजेडात बघा.

‘बेरिलियम विषारी ना? मग अंगावर कसा घालायचा?’

बेरिलियमची धूळ श्वासातून गेली तर ती घातक असते, हे खरं आहे. म्हणून खडा कापणाऱ्यांनी पाण्याची धार सोडून आणि तोंडाला मास्क लावून काम करणं आवश्यक असतं. तयार खड्यात मात्र तो स्फटिकाच्या रचनेत घट्ट बांधलेला असतो. घामाने, पाण्याने तो सुटत नाही. घालायला पूर्ण सुरक्षित.

‘घातल्याने काही होतं का?’

खडा घातल्याने आजार बरा होतो, परीक्षा पास होते किंवा परदेशचा व्हिसा मिळतो, असं दाखवणारा पुरावा नाही. मन शांत वाटणं ही वेगळी गोष्ट. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली अंगठी बोटात असली की माणसाला बरं वाटतंच, आणि ते खोटं नसतं. पण उपचाराच्या जागी खडा, किंवा खड्यासाठी कर्ज, हे दोन्ही करू नये. श्रद्धेने राशीचा खडा घालायचा असेल तर तो घाला, आवडीने महिन्याचा घालायचा असेल तर तो घाला. एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही.

गुंतवणूक म्हणून मात्र घेऊ नका. मोडायला गेलात की सराफ सोन्याचं वजन धरतो आणि खडा बहुधा बाजूला काढून परत देतो. परतीच्या वेळी खड्याचे किती मिळतील हे घेतानाच विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

रोज वापरताना

ॲक्वामरीनचा कडकपणा मोहस मापावर ७.५ ते ८ आहे. धुळीतली रेती असते सातची, त्यामुळे रोजच्या धुळीने त्याला ओरखडे पडत नाहीत. काचेला पडतात. काही वर्षांत पैलूंच्या कडा झिजून बोथट झाल्या तर खडा काच होता असं समजायला जागा आहे. माणिक, नीलम आणि हिरा त्याहून कडक, म्हणून त्यांच्यासोबत एका डबीत ठेवू नका. मऊ कापडात वेगळा गुंडाळा.

भाकरी थापताना, कणीक तिंबताना अंगठी काढून ठेवा. पीठ खड्याच्या पाठीमागे जाऊन बसतं, त्यावर साबण आणि तेल चढतं आणि पाणीदार खडा दुधाळ दिसू लागतो. रंग उडाला म्हणून घाबरून लोक दुकानात येतात, आणि नुसत्या धुण्याने तो परत उजळतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजवा. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने पाठीमागून घासा, पुन्हा साध्या कोमट पाण्यात बुडवा, मलमलीने टिपा. रिठ्याचं पाणीही चालतं, पण उकळतं नको. उकळत्यातून काढून गार पाण्यात टाकलेला खडा तडकतो. राख, दंतमंजन, रांगोळी यांनी धातू ओरखडला जातो. आणि हे सगळं वाटीत करा, नळाखाली नाही. पंजा सैल असला तर तो धुतानाच उघडा पडतो, आणि मग खडा वाटीच्या तळाशी सापडतो, मोरीत जात नाही.